टीव्हीवर नवरा-नवरी जाडी का दिसतात? कन्व्हर्टरच्या रिमोटवरची बटणं, एकेक करून

गणपतीला किंवा शिमग्याला गावी येणाऱ्या चाकरमान्यांच्या बॅगेतून हल्ली तळहातावर मावेल एवढा एक काळा डबा, म्हणजे कन्व्हर्टर, निघतो. माळ्यावरच्या व्हीएचएस कॅसेटी नव्या टीव्हीवर बघायच्या असतात: कुणाचं लग्न, गावचं नमन, देवळासमोर रात्रभर रंगलेला दशावतार. कुठून तरी चालू व्हीसीआर मिळवला जातो. तो मिळवणंही सोपं राहिलेलं नाही, कारण शेवटपर्यंत व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीनेही २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. वायरी जोडल्या की चित्र येतं आणि तिथून गोंधळ सुरू होतो. नवरा-नवरी जाडी दिसतात, रात्रीचा काळोख राखाडी दिसतो, पडद्याच्या तळाला एक पट्टी थरथरत असते. समोर रिमोट तीन: टीव्हीचा, व्हीसीआरचा आणि त्या काळ्या डब्याचा. मग ज्याच्या हाताला जो लागेल तो, त्यावरचं जे बटण दिसेल ते दाबतो.

यातलं कुठलं बटण नक्की काय करतं, कुठल्या क्रमाने दाबायचं आणि कशाला हातच लावायचा नाही, ते पाहू.

डबा करतो काय?

व्हीसीआरमधून निघणारा सिग्नल जुन्या पद्धतीचा असतो. पिवळ्या पिनेतून चित्र, पांढऱ्या आणि लाल पिनेतून आवाज. त्याला आपण ‘एव्ही’ म्हणतो. नव्या टीव्हीला एचडीएमआय हवं असतं, म्हणजे आकड्यांच्या रूपातलं चित्र. कन्व्हर्टर पिवळ्या वायरीतून येणारा विजेचा चढउतार मोजतो, त्याचे आकडे करतो आणि ते चित्र मोठ्या पडद्याच्या मापाला ताणून पुढे पाठवतो.

हे ताणणं किती आहे बघा. भारतात रंगीत टीव्ही १९८२ मध्ये आला तो ‘पाल’ पद्धतीचा. तिच्यात एका चित्रात ६२५ ओळी असतात, त्यातल्या ५७६ दिसतात. व्हीएचएसवर आडव्या दिशेने वेगळे ओळखू येतील असे बारकावे जेमतेम २४० रेघांइतके. आजच्या फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून जास्त ठिपके आहेत. कॅसेटमध्ये नसलेले ठिपके डबा शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरतो. म्हणून ‘फोर के’ लिहिलेला महागडा डबा आणला तरी वऱ्हाडातले चेहरे जास्त ओळखू येणार नाहीत. खोक्यावर काहीही छापलेलं असो.

आधी ठरवा, चूक कुठे झाली

आगराला पाणी कसं येतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे पटकन कळेल. वर पऱ्ह्या, म्हणजे डोंगरातला ओढा, तिथून पोफळीच्या पन्हळीने पाणी खाली, मग पाट, मग माडाचं आळं. पऱ्ह्याशीच पाणी गढूळ असेल तर आळ्याशी उभं राहून ते निवळत नाही. आणि मधल्या पन्हळीवरून पाणी सांडलं असेल, तर खालचा पाट कितीही रुंद केला तरी सांडलेलं परत येत नाही.

इथे कॅसेट आणि व्हीसीआर म्हणजे पऱ्ह्या, कन्व्हर्टर म्हणजे पन्हळ आणि टीव्ही म्हणजे आळं. प्रत्येक टप्प्याला स्वतःचा रिमोट आहे. कन्व्हर्टरने चित्र इतकं उजळ केलं की पांढरं धोतर नुसता पांढरा डाग झालं, तर त्याच्या चुण्या तिथेच सांडल्या. नंतर टीव्हीवर उजेड कमी करून धोतर करडं होईल, चुण्या येणार नाहीत.

पडद्यावर सरकणारे पांढरे पट्टे किंवा फरकाटे हा पऱ्ह्याचा दोष. त्यासाठी व्हीसीआरवरचं ‘ट्रॅकिंग’ बटण असतं. कन्व्हर्टरच्या रिमोटवर त्याचा इलाज नाही, शोधू नका. आणि कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरट भुरी दिसत असेल, तर ती बुरशी आहे. आपल्या दमट हवेत ती धरतेच. अशी कॅसेट आधी साफ करून घ्यायची. तशीच घातलीत तर बुरशी व्हीसीआरच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीलाही चिकटते.

सुरुवात टीव्हीपासून करायची, पण तिथे काही सुधारायचं नाही, शांत करायचं. ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोड बंद करून ‘स्टँडर्ड’ किंवा ‘सिनेमा’ लावा. शार्पनेस उतरवा. टीव्ही स्वतःच्या मनाने चित्र रंगवत असेल तर कन्व्हर्टरचं बटण दाबून काय बदललं हे कळणारच नाही. त्यानंतर टीव्हीचा रिमोट बाजूला ठेवा.

जाडी माणसं: ‘आस्पेक्ट’चं बटण

रुंदी आणि उंचीच्या प्रमाणाला आस्पेक्ट म्हणतात. जुनं चित्र ४:३ चं, म्हणजे चार भाग रुंद आणि तीन भाग उंच. नवा पडदा १६:९ चा. चार-तीनचं चित्र ताणून सोळा-नऊ भरलं की प्रत्येक गोष्ट एक तृतीयांशाने रुंद होते. नवरी जाड दिसते ती यामुळेच, आणि तिची नव्हे तर डब्याची चूक आहे हे घरातल्या सगळ्यांना सांगून टाकलेलं बरं.

कन्व्हर्टरच्या रिमोटवर ‘आस्पेक्ट’, ‘४:३’ किंवा ‘वाइड’ असं बटण असेल तर ते ४:३ वर आणा. फुल एचडी पडद्यावर मग चित्र १४४० ठिपके रुंद येतं आणि दोन्ही बाजूंना २४० ठिपक्यांची काळी पट्टी राहते. बरोबर झालं का हे तपासायला गोल वस्तू शोधा. नमनातल्या मृदंगाचं तोंड समोरून दिसणारी जागा असेल तर उत्तम. ते अंडाकृती दिसता कामा नये.

बऱ्याच स्वस्त डब्यांना ही सोय नसते, बाजूला फक्त ७२०/१०८० असा खटका असतो. तेव्हा टीव्हीच्या मेनूत ४:३ शोधा. मात्र कित्येक टीव्ही एचडीएमआयवरून एचडी चित्र आलं की ४:३ चा पर्याय देत नाहीत. म्हणून डबा घेतानाच रिमोट आणि आस्पेक्टची सोय बघून घ्यावी. शे-दोनशे रुपये वाचवून वर्षानुवर्षं जाडी माणसं बघण्यात अर्थ नाही.

दोन्हीकडे एकदम फेरफार करू नका. डब्याने बाजूला पट्ट्या दिल्या आणि टीव्हीनेही ४:३ केलं, तर माणसं उलट काटकुळी होतात. डबा ४:३ देत असेल तर टीव्हीवर ‘जस्ट स्कॅन’, ‘१:१’ किंवा ‘स्क्रीन फिट’ अशा नावाचा पर्याय लावा. त्याचा अर्थ, आलंय तसं दाखव.

“पण काळ्या पट्ट्यांनी एवढा मोठा टीव्ही वाया जातो!”

हा आक्षेप बहुतेक ज्यांनी टीव्हीचे पैसे भरले त्यांच्याकडून येतो. दुसरा पर्याय ‘झूम’. त्यात रुंदी भरते, प्रमाण बिघडत नाही, पण वरखाली मिळून चित्राचा पाव भाग कापला जातो. गावच्या लग्नाच्या कॅसेटीत कॅमेरावाला दूर मांडवाच्या टोकाला उभा राहून सगळ्यांना चौकटीत घ्यायचा. तो पाव भाग म्हणजे उभ्या लोकांची डोकी आणि जमिनीवर बसलेली पोरं. पट्ट्या राहू द्या.

खालची थरथरती पट्टी

“जुन्या टीव्हीवर ही कधी नव्हती, म्हणजे डबा खराब आहे,” असं वाटणं साहजिक आहे. ती तेव्हाही होती, दिसत नव्हती. व्हीसीआरमध्ये फिरत्या ड्रमवर हेड बसवलेली असतात आणि ती आळीपाळीने टेप वाचतात. एक हेड थांबून दुसरं सुरू होताना चित्राच्या अगदी तळच्या काही ओळी विस्कटतात. जुने फुगीर काचेचे टीव्ही चित्राच्या चारी कडा थोड्या चौकटीआड ढकलायचे. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. त्यात ही पट्टी झाकली जायची. नवा टीव्ही शेवटच्या ओळीपर्यंत सगळं दाखवतो, म्हणून ती उघडी पडली.

कन्व्हर्टरच्या रिमोटवर ‘ओव्हरस्कॅन’, ‘साइझ’ किंवा ‘पोझिशन’ असेल तर चित्र किंचित मोठं करून किंवा खाली सरकवून पट्टी पडद्याबाहेर काढा. आडवं जितकं वाढवाल तितकंच उभंही वाढवा, नाहीतर मृदंग पुन्हा अंडाकृती.

ब्राइटनेस म्हणजे उजेड नव्हे

सगळ्यात जास्त चुकीचं वापरलं जाणारं बटण हेच. नाव ऐकून वाटतं की याने चित्र उजळतं. खरं तर कन्व्हर्टरवरचा ब्राइटनेस ठरवतो काळं किती काळं असावं, आणि कॉन्ट्रास्ट ठरवतो पांढरं किती पांढरं असावं. चित्र अंधारं वाटलं म्हणून ब्राइटनेस वाढवत नेला की सगळा काळोख वर उचलला जातो आणि पहाटेच्या धुक्यातून पाहिल्यासारखं दिसू लागतं.

दशावताराची कॅसेट यासाठी चांगली परीक्षा घेते. रंगमंचावर भगभगीत दिवा, मागे काळोख, राजाच्या अंगावर चकचकीत वेश. एक प्रसंग निवडून पॉज करू नका. बऱ्याच व्हीसीआरवर पॉजचं चित्र बिघडतं. तोच तुकडा पुन्हा पुन्हा लावा. आधी ब्राइटनेस कमी करत जा, राजाचे काळे केस एकसंध गोळा दिसेपर्यंत. मग हळूहळू वाढवा आणि बटा जेमतेम वेगळ्या दिसू लागल्या की थांबा. त्यानंतर कॉन्ट्रास्ट. पांढऱ्या कपड्याच्या चुण्या नाहीशा होईपर्यंत वाढवा आणि त्या परत येईपर्यंत कमी करा. एक बटण हलवलं की दुसरं थोडं ढळतं, म्हणून पुन्हा एकदा ब्राइटनेस बघा. खोलीत दिवसाचा लख्ख उजेड असेल तर हे सगळं चुकीचं बसेल. संध्याकाळी, नेहमी टीव्ही बघता तेवढ्याच उजेडात करा.

इतकं करूनही चित्रावर राखाडी पडदा राहत असेल, किंवा उलट काळ्यात सगळंच बुडत असेल, तर कारण वेगळं असू शकतं. आकड्यांत काळं कुठून सुरू होतं याचे दोन रिवाज आहेत. टीव्हीच्या रिवाजात काळं १६ वर आणि पांढरं २३५ वर, कॉम्प्युटरच्या रिवाजात ० आणि २५५. डबा एका रिवाजाने पाठवतोय आणि टीव्ही दुसऱ्या रिवाजाने वाचतोय असं झालं की ब्राइटनेस कितीही फिरवा, जमत नाही. टीव्हीच्या मेनूत ‘एचडीएमआय ब्लॅक लेव्हल’ किंवा ‘आरजीबी रेंज’ नावाचा पर्याय असतो. बाजूला ठेवलेला टीव्हीचा रिमोट तेवढ्यापुरता उचला, तो पर्याय एकदा बदलून बघा, आणि परत ठेवा.

रंगांची बटणं

‘सॅच्युरेशन’ किंवा ‘कलर’ म्हणजे रंगांचा भडकपणा. तो चेहऱ्यांवरून लावायचा, साड्यांवरून नाही. साडीचा मूळ रंग आता कुणाला आठवत नसतो, पण माणसाच्या कातडीचा रंग डोळ्याला लगेच खटकतो. दशावतारातले चेहरे मात्र यासाठी वापरू नका. ते रंगवलेलेच असतात. प्रेक्षकांत बसलेले चेहरे बघा.

शिमग्याच्या पालखीत गुलाल उधळलेला असेल, तर लाल रंग कडेबाहेर फुटलेला दिसेल. नवरीच्या लाल शालूचंही तेच. व्हीएचएस उजेडापेक्षा रंग फारच ढोबळपणे नोंदवते, आणि कॅसेटीवरून कॅसेट उतरवली असेल तर रंग आणखी सरकतो. कुठल्याही बटणाने तो जागेवर बसत नाही. सॅच्युरेशन थोडा उतरवला की खुपायचं कमी होतं, इतकंच.

‘ह्यू’ किंवा ‘टिंट’ दाबून काहीच होत नाही, अशी तक्रार असते. बहुधा ते बटण बिघडलेलं नसतं. अमेरिकेच्या ‘एनटीएससी’ पद्धतीत सिग्नल वाटेत जरा ढळला की चेहरे हिरवे किंवा जांभळे व्हायचे, म्हणून ते बटण लागायचं. जर्मनीत टेलिफुंकेन कंपनीच्या वाल्टर ब्रूख यांनी पाल पद्धत बसवली, तिचं प्रक्षेपण १९६७ मध्ये सुरू झालं. तिच्यात रंगाच्या माहितीचा एक भाग प्रत्येक ओळीआड उलटा पाठवतात. एका ओळीतली चूक पुढच्या ओळीतल्या उलट्या चुकीने कटते. त्यामुळे आपल्या कॅसेटींना हे बटण सहसा लागत नाही. काही डब्यांवर ते पालमध्येही चालतं, तेव्हा मधोमध ठेवून सोडून द्या.

‘शार्पनेस’ सगळ्यात शेवटी, आणि शक्यतो कमीच. ते बारकावे आणत नाही, कडेला एक उजळ रेघ ओढतं. चार हात लांबून चित्र तरतरीत वाटतं, पण टेपवरचा खरखरीतपणाही तितकाच वाढतो.

पाल, एनटीएससी आणि ५०-६० चा घोळ

चित्र काळंपांढरं येतंय? पहिल्यांदा पिवळी पिन पिवळ्याच भोकात आहे का बघा. असेल तर रिमोटवरचं ‘सिस्टिम’ बटण पाहा. ते चुकीच्या पद्धतीवर अडकलं की रंग जातात किंवा चित्र वरखाली गडगडतं. भारतातली, दुबईची, कुवेतची कॅसेट पाल असते. भाच्याने अमेरिकेहून पाठवलेली एनटीएससी असेल. ‘ऑटो’ बहुतेक वेळा ओळखतं, पण जीर्ण टेपवर गोंधळतं. तेव्हा हाताने ‘पाल’ लावा.

बाहेर जाणाऱ्या चित्राचं बटण वेगळं, ‘रिझोल्यूशन’ किंवा ‘आउटपुट’. इथे ठिपक्यांपेक्षा हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, हे महत्त्वाचं. पाल सेकंदाला ५० अर्धी चित्रं देतं, आधी विषम ओळी, मग सम. डबा त्यांचं ६० करायला गेला तर दर पाचांमागे एक चित्र पुन्हा दाखवावं लागतं. नाचणाऱ्या पालखीबरोबर कॅमेरा फिरतो तेव्हा चित्र हिसके खातं, ते यामुळे. ‘७२०पी ५०’ किंवा ‘१०८०पी ५०’ असा पर्याय असेल तर तोच घ्या.

हे बटण दाबल्यावर पडदा काळा झाला तर घाबरू नका. टीव्हीला न झेपणारा पर्याय लागला असेल. काही सेकंद थांबा, तेच बटण पुन्हा दाबा. बऱ्याच डब्यांत पर्याय गोल फिरत परत येतात.

“रिमोटच चालत नाही!”

डबा टीव्हीच्या मागे लोंबकळत असेल तर रिमोटचा किरण पोचणार कसा? तो उजेडासारखा सरळ जातो, फक्त डोळ्याला दिसत नाही. डबा पुढे ठेवा. मोबाइलचा सेल्फी कॅमेरा सुरू करून रिमोटचं टोक त्याच्याकडे धरा आणि बटण दाबा. जांभळट ठिपका लुकलुकला तर रिमोट ठीक आहे. नाहीच लुकलुकला तर सेलची जागा उघडा. समुद्राकाठच्या घरात पत्र्याच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढलेला सापडतो. तो बारीक पॉलिश पेपरने खरवडून काढा.

रिमोट ठीक, पण चित्रच येत नाही, असं असेल तर डब्यावरची अक्षरं वाचा. ‘एव्ही टू एचडीएमआय’ आणि ‘एचडीएमआय टू एव्ही’ हे दोन वेगळे डबे आहेत, दिसायला सारखे. एकाचं काम दुसरा करत नाही. दुसऱ्या प्रकारचा डबा माजघरातल्या जुन्या टीव्हीला नवा सेट-टॉप बॉक्स जोडायला लागतो. तिथे क्रिकेटचा स्कोअर कडेला कापला जातो तो वर सांगितलेल्या ओव्हरस्कॅनमुळे. सेट-टॉप बॉक्सच्याच मेनूत चित्र लहान करण्याची सोय आहे का बघा, डब्याला दोष देण्याआधी.

एकदा सगळं जमलं की मेनूतले आकडे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. काही डबे लाईट गेली की सगळं विसरतात, आणि पावसात लाईट किती वेळा जाते हे सांगायला नको.

“त्यापेक्षा दुकानात देऊन पेन ड्राइव्हवर घेतलं तर?”

चांगलंच आहे, टेप काही दिवसेंदिवस सुधारत नाही. पण दुकानदाराला आधी सांगा: चित्र ४:३ मध्येच ठेवा, पट्ट्या भरायला ताणू किंवा कापू नका. ५० चं ६० करू नका. कॉन्ट्रास्ट आणि शार्पनेस वाढवू नका, कारण चित्र थोडं फिकं असेल तर पुढे कॉम्प्युटरवर ठीक करता येतं, धोतराच्या सांडलेल्या चुण्या मात्र फाइलमध्ये कधीच येणार नाहीत. जमलं तर आधी एका कॅसेटीची पाच मिनिटंच करून मागा, घरच्या टीव्हीवर मृदंग गोल दिसतो का ते बघा, आणि मग बाकीच्या द्या.